कळशीवरचा डाग

धाऊ शिपायाला चित्रातलं काही कळत नव्हतं आणि ते तो कुणापासून लपवतही नव्हता. चित्रकलेच्या परीक्षेसाठी घरची भांडी शाळेत नेऊन मांडायची, पोरांनी ती दोन तास डोळे बारीक करून बघायची, कागद ओले करायचे आणि मग तीच भांडी परत घरी न्यायची, यात कला कुठून आली, हे कोडं त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी सुटलं नव्हतं आणि शेवटचं वर्ष उजाडलं तरी सुटलं नव्हतं. "भांडं हाय ते हाय. त्यात बघायचं काय?" असं म्हणून तो घंटा द्यायला निघून जायचा.

शाळा टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून. धाऊचं घर रस्त्यापासून आत, चढावर. भाताचा एक तुकडा, अंगणात शेवग्याचं झाड, आणि मुलगा संदेश वाशिंदला कारखान्यात लागलेला, तिथेच खोली घेऊन राहणारा. शाळा उघडणारा पहिला माणूस धाऊ आणि कुलूप लावणारा शेवटचाही तोच. हेडमास्तर आले-गेले, कौलं जाऊन पत्रे आले, रस्ता रुंद झाला तेव्हा चित्रकलेच्या वर्गाच्या दारासमोरचं जांभळीचं झाडही गेलं. धाऊ आणि घंटा तेवढी जागेवर राहिली.

गणपती गेले की आठवी-नववीच्या पोरांचा चित्रकलेच्या सरकारी परीक्षेचा सराव सुरू होतो. त्यात एक पेपर वस्तुचित्राचा. टेबलावर एक भांडं, एखादं फळ नाहीतर भाजी, मागे घड्या पाडून सोडलेलं कापड, आणि समोर जे दिसतं ते जलरंगात काढायचं. शाळेकडे वस्तू म्हणाल तर एक गळकी बादली आणि भूगोलाचा पृथ्वीगोल. आधीचे चित्रकलेचे सर फार पूर्वी एकदा धाऊला म्हणाले होते, "घरून एखादं जुनं भांडं आण रे. पितळेचं असलं तर बरं." धाऊनं घरी येऊन बायकोला विचारलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

हौसाकडे पितळेची एक कळशी होती. माहेरून आलेली, गळ्याशी बारीक वेलबुट्टी, पोटावर एका बाजूला बोटभर पोचा. तो पोचा कसा पडला हे कुणी विचारलं की हौसा धाऊकडे बघायची, आणि धाऊ दुसरीकडे बघायचा. शनिवारी ती कळशी चिंच आणि राख लावून घासली जायची, इतकी की तिच्यात तोंड बघून कुंकू लावावं. घरात स्टीलचे हंडे आले, प्लास्टिकची पिंपं आली, पण प्यायचं पाणी हौसा त्या कळशीतच भरायची.

"देते," ती म्हणाली. "पन मी संगं येनार."

"तू कशाला? मी नाय का?"

"पोरं हात लावतील. पाडली म्हंजे? आनि सांजच्याला पानी कशात भरू, तुमच्या टोपीत?"

तेव्हापासून दर भाद्रपदात गावानं एक वरात बघितली. पुढे धाऊ, हातात पिशवीत कांदे-वांगी. मागे हौसा, चांगल्या दिवसासाठी ठेवलेलं जांभळं लुगडं नेसून, कळशी कमरेवर घेऊन. कळशी धाऊच्या हातात द्यायची नाही. चित्रकलेच्या वर्गापर्यंत आली की तिथे ती सरांच्या हाती सोपवायची आणि स्वतः दारात उभी राहायची, एक हात चौकटीवर ठेवून, चित्र पुरं होईपर्यंत. ती शाळेत कधी गेलेली नव्हती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं तिला बरं वाटायचं नाही. सर दरवर्षी म्हणायचे, "वहिनी, आत या, खुर्चीवर बसा." ती दरवर्षी म्हणायची, "नको. मी उभी बरी." गुडघे दुखायला लागले तरी तिनं हे सोडलं नाही. मास्तर लोक चेष्टा करायचे, धाऊच्या कळशीला पोलीस बंदोबस्त आहे म्हणून. धाऊला त्याची लाज वाटायची. घरी जाताना तो तिच्या चार पावलं पुढे चालायचा.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात हौसाला तापानं घेरलं आणि आठवडाभरात ती गेली.

नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून बायकांनी रीतीप्रमाणे तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळ कुंकवानं माखलं, ओटी भरली. आलेली प्रत्येक बाई म्हणाली, नशिबाची, भरल्या कपाळानं गेली. धाऊ भिंतीला टेकून बघत होता. हौसाला हिरवा रंग आवडायचा नाही. उभ्या जन्मात तिनं हिरवं लुगडं घेतलं नाही, कुणी दाखवलं तर म्हणायची, "नको गो, म्हशी मागं लागतील माझ्या." हे सांगावं असं धाऊच्या ओठावर आलं होतं. पण अशा वेळी पुरुषाचं कोण ऐकतं, आणि ऐकलं असतं तरी ते हसण्यासारखं वाटलं असतं.

दहाव्याला सापगावहून त्याची थोरली बहीण गुणाबाई आली ती कमरेला पदर खोचूनच. गुणाबाई रीतीची पक्की. मेल्या माणसाच्या वापरातलं काही घरात ठेवायचं नाही, नाहीतर जीव त्याच्यात घुटमळतो, हा तिचा कायदा. हौसाचं अंथरूण गेलं, फणी गेली, चपला गेल्या, लुगडी वाटली गेली. मग गुणाबाई मांडणीपाशी उभी राहिली.

"कळशी कुठं हाय तिची?"

"ती शाळेची हाय," धाऊ म्हणाला.

"शाळेची? म्हायेरची व्हती की."

"तिनं देऊन टाकली शाळेला. जिती असतानाच."

धाऊ खोटं बोलायच्या कामात अगदी कच्चा, पण त्या दिवशी त्याची जीभ अडखळली नाही. कळशी त्यानं आदल्या दिवशीच गोणपाटात गुंडाळून शाळेत नेली होती आणि चित्रकलेच्या कपाटात, रंगांच्या डब्यांमागे ठेवली होती. गुणाबाईनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विषय सोडला. त्या रात्री हौसा जिथे गेली त्या जागी पीठ पसरून, दिवा ठेवून, वर टोपली झाकली. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. पाखराचं पाऊल, गाईचा खूर, काहीतरी. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं होतं. गुणाबाईला ते आवडलं नाही.

घरात आता हौसा म्हणजे भिंतीवरचा एक फोटो. संदेशनं आधारकार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात ती अशी बघत होती, की कुणी तिची शेळी चोरली आहे आणि तो चोर समोरच उभा आहे. धाऊ त्या फोटोला रोज उदबत्ती लावायचा, पण त्याच्याशी बोलायचा नाही. बोलायचं असलं तर तो शनिवारी शाळा सुटल्यावर मागे राहायचा, कपाटातून कळशी काढायचा आणि चिंचेनं घासायचा. भाद्रपदात सरावाला ती टेबलावर मांडायचा आणि घाईनं तिथून निघून जायचा. रिकाम्या दाराकडे त्याला बघवत नसे.

यंदा जुने सर निवृत्त झाले आणि अक्षय सर आले. वाशिंदचे, तरुण, फटफटीवर येणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चित्रकलेचं कपाट उघडलं तर खालच्या फळीला वाळवी.

"धाऊमामा, या सरावाच्या चित्रांचे गठ्ठे आहेत बघा वर्षानुवर्षांचे. वाळवी लागलेले फेकून द्या, चांगले राहतील ते रद्दीत घाला. फळी रिकामी झाली की औषध मारू."

धाऊनं गठ्ठे उचलून व्हरांड्यात आणले, फतकल मारून बसला, आणि चांगले-वाईट निवडायचे म्हणून एकेक कागद उलटू लागला. आणि तिथेच अडकला.

सगळ्या चित्रांत त्याचंच घर होतं. त्याचा पाणी प्यायचा तांब्या. त्याच्या परसातली वांगी, देठाशी काटे असलेली. ती चाळण, जी नंतर फाटली. तो बिनकानाचा कप, जो त्यानंच वैतागून उकिरड्यावर भिरकावला होता. एका पोरानं कांदा काढला होता, आणि कांद्याच्या सालीत गुलाबी रंग पाण्याबरोबर असा पसरत गेला होता की धाऊनं बोट लावून बघितलं, ओला आहे का म्हणून. स्टीलच्या पेल्याच्या सावलीत निळं होतं. सावली काळी असते एवढंच आजवर त्याला माहीत. पण निळी होती ती, आणि खरी होती. तो उठला, स्वयंपाकाच्या शेडमधून एक पेला घेऊन आला, उन्हात ठेवला आणि सावली बघितली. निळीच. साठ वर्षं पेल्यानं पाणी प्यायलो आणि हे बघितलंच नाही, असं त्याला वाटलं.

कळशी तर कागदाकागदावर होती. कुणाची लठ्ठ, कुणाची वाकडी, कुणाची भोपळ्यासारखी. पण पितळेवरचा उजेड बहुतेकांना साधला होता. हळदी पिवळा, मग तपकिरी, मग मध्येच कागद कोराच ठेवलेला, तिथे ऊन चमकायचं. पोटावरचा तो पोचासुद्धा पोरांनी काढला होता. धाऊला हसू आलं. आपलं पाप गावभर झालं, तो मनात म्हणाला.

आणि मग त्याला तो डाग दिसला.

कळशीच्या पोटावर, जिथे वर्गाच्या दाराचा उजेड पडायचा, त्या उजेडाच्या उभ्या पट्टीत एक बारकासा जांभळा फराटा होता. वर एक सावळा ठिपका, बाजूला एक बारीक रेघ, चौकटीकडे गेलेली. खाली जुन्या सरांच्या लाल पेन्सिलीतली अक्षरं: "प्रतिबिंब छान. पण माणूस नको." धाऊनं दुसरा कागद घेतला. तिथेही जांभळा फराटा. त्या आधीच्या वर्षीच्या गठ्ठ्यात, त्याच्याही आधीच्या. पोरं वेगळी, हात वेगळे, पण जांभळं तेच. कुणी नीट काढलेलं, कुणी नुसतं ब्रश टेकवलेलं. दरवर्षी दारात उभी राहिलेली हौसा दरवर्षी कळशीच्या पोटात पडली होती आणि पोरांनी, जे दिसतं ते काढा म्हटल्यावर, तिला काढून ठेवली होती. त्या फोटोत जी नव्हती ती इथे होती. तिचा तो चौकटीवरचा हात, एका पायावर जोर देऊन उभं राहणं, सगळं त्या बोटाच्या पेराएवढ्या रंगात होतं. व्हरांड्यात बसून धाऊ रडला, आणि कुणी बघत नाही हे बघून पुन्हा रडला.

जांभळे कागद त्यानं वेगळे केले. शेवटचे तीन गठ्ठे राहिले होते, गेल्या तीन वर्षांचे. हौसा गेल्यानंतरचे. ते तो रद्दीतच टाकणार होता. सवयीनं गाठ सोडून बघितले.

पहिल्याच कागदावर, उजेडाच्या पट्टीत, त्याच जागी, फराटा होता. हिरवा.

धाऊनं कागद खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. हिरवा. वर सावळा ठिपका, त्यात कुंकवाएवढं लाल, आणि बाजूला चौकटीकडे गेलेली रेघ. लाल पेन्सिलीत सरांनी लिहिलं होतं: "हा डाग कशाचा?" तिन्ही वर्षांच्या गठ्ठ्यांत तेच. व्हरांड्यात भर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावरून एसटी जात होती, आणि धाऊ हिरव्या डागाचे कागद एकाशेजारी एक मांडत होता.

नववीतली वैष्णवी गेल्या वर्षी सरावाला होती. नळावर पाणी पिताना त्यानं तिला गाठलं आणि तिचाच कागद तिच्यापुढे धरला.

"हे हिरवं काय काढलंस गो?"

"दिसलं ते काढलं, मामा. सर बोललेले, समोर दिसतं तेच काढायचं, मनाचं नाय काढायचं."

"दिसलं म्हंजे काय दिसलं?"

"कळशीत हिरवं दिसत व्हतं. मी मागं वळून पन बघितलं. दारात तर कोनच नव्हतं. मला वाटलं, भायेरचं झाड असंल."

दारासमोरची जांभळ ज्या साली तोडली, त्या साली हौसा जिवंत होती. त्या झाडाचा पाला त्यानं जन्मभर झाडला होता, ते आता नाही हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी त्यानं मुरबाडला जाऊन शहापूरची गाडी धरली आणि सापगावला उतरला. गुणाबाई ओटीवर बसून वाल सोलत होती. धाऊनं पिशवीतून दोन कागद काढले, एक जांभळा, एक हिरवा, तिच्यापुढे ठेवले, डागांचं सगळं सांगितलं, आणि कळशी शाळेची नव्हती हेही सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं, बहीण भडकेल. गुणाबाईनं चष्मा लावला, दोन्ही कागद उन्हात धरून बघितले.

"तवाच म्हनलं, पीठ कोरं कसं," ती म्हणाली. "ती घरात नव्हतीच. कळशीपाशी व्हती."

"मला काय ठाव? मला वाटलं, एक वस्तू ठेवली तर काय बिघडलं."

"बिघडलं काय ते तूच बघ." गुणाबाईनं हिरवा कागद त्याच्याकडे सरकवला. "बायकोला तीन वर्सं दारात उभी करून ठेवलीस, धाऊ. बसायला तरी दिलंस का रे तिला?"

ते वाक्य धाऊच्या काळजात रुतलं. येताना गाडीत खिडकीशी बसूनही त्याला बाहेरचं काही दिसलं नाही. तिचे गुडघे दुखायचे. रात्री ती स्वतःच तेल लावायची आणि कण्हणं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरायची. त्याला ते ऐकू जायचं, आणि तो झोपल्याचं सोंग करायचा.

गुणाबाईनं उपायही सांगितला होता. पितृपक्षातली नवमी जवळ आली होती. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं गेलेल्या बायकांची ती नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची, कळशी पाण्यानं भरून तिच्या हाती द्यायची आणि परत मागायची नाही. "मंग ती सुटंल," गुणाबाई म्हणाली होती. धाऊनं विचारलं, "आनि मी?" त्यावर गुणाबाईनं वालाची परात पुढे ओढली. "तू शाळेत जायचं. घंटा कोन देनार?"

पण माणसाचं मन चोरवाट शोधतं. ती जायला नको आणि तिचे पाय दुखायलाही नकोत, असं काहीतरी निघावं, हेच धाऊच्या डोक्यात घोळत राहिलं. सोमवारी त्यानं ऑफिसातली एक लाकडी खुर्ची उचलली आणि चित्रकलेच्या वर्गाच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, नेऊन ठेवली. आत ती येणार नाही हे त्याला माहीत होतं. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "बस आता. कोन काय बोलत नाय."

पोरं खुर्चीला अडखळू लागली. अक्षय सरांनी विचारलं, "मामा, ही इथे कशाला?" धाऊ म्हणाला, "असू द्या, सर. वारा येतो." खुर्चीवर तो कुणाला बसू देत नव्हता. एका मास्तरांनी डबा खायला म्हणून ती ओढली तर हा त्यांच्या अंगावरच गेला. धाऊला म्हातारचळ लागला अशी कुजबुज सुरू झाली. घरी मात्र त्या रात्री त्याला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

गुरुवारी वस्तुचित्राचा सराव झाला. टेबलावर कळशी, दोन वांगी, मागे निळं कापड. धाऊ लांब, नळापाशी थांबला. पोरं निघून गेल्यावर आत जाऊन त्यानं वाळत घातलेले कागद बघितले. वैष्णवीचा सगळ्यांत नीट होता. कळशीच्या पोटावर उजेडाची पट्टी होती. पट्टीत खुर्ची होती, तपकिरी, चार बारीक पाय दिसत होते. खुर्ची रिकामी होती. आणि तिच्या शेजारी, चौकटीवर हात ठेवून, हिरवा फराटा उभा होता.

ती बसत नव्हती. कळशी दुसऱ्याच्या टेबलावर असताना ती बसणार नव्हती. जिवंतपणी बसली नाही, आता काय बसेल. धाऊनं खुर्ची उचलून ऑफिसात नेऊन ठेवली आणि कळशी घेऊन घरी आला. वाटेत त्यानं ती एकदाही खाली टेकवली नाही.

सवाष्ण म्हणून त्यानं जनाला सांगितलं. जना शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. घरी नळ नाही, दोन डोंगरी शेतं, नवरा टोकावड्याला ढाब्यावर कामाला. पाणी ती प्लास्टिकच्या डब्यांतून वाहायची. नवमीला गुणाबाई पहाटेच्या गाडीनं आली, वडे तळले, खीर केली, अळू केलं. ओटीसाठी धाऊनं मुरबाडच्या बाजारातून लुगडं आणून ठेवलं होतं. गुणाबाईनं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, नवमीला हिरवं देतात. जांभळं कशाला आनलंस?"

"तिला हिरवं आवडत नाय," धाऊ म्हणाला. तीन वर्षांपूर्वी जे ओठावरून परत गेलं होतं ते शेवटी बाहेर पडलं. गुणाबाईनं लुगड्याची घडी हातानं सारखी केली. "दे मंग जांभळं," ती म्हणाली.

जना पाटावर बसून जेवली. लाजत, कमी कमी घेत. ताट संपवून ती उठायला लागली तर धाऊ चटकन म्हणाला, "बस गो. जरा बस. घाई कसली?" जना बावरून परत बसली. तो दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता, बाई जेवून निवांत बसलेली कशी दिसते ते. आपल्या बायकोला असं बसलेलं आपण किती वेळा बघितलं, हे आठवायचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला नीट आठवत नव्हतं. मग गुणाबाईनं ओटी भरली आणि धाऊनं काठोकाठ भरलेली कळशी जनाच्या हातात दिली. देताना त्याचे हात सुटेनात. जनानं हळूच ओढून घेतली तेव्हा थोडं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

त्यानंतरच्या शनिवारी, घासायला काही नसताना, चिंच हातात घेऊन तो मागल्या दारी बसून राहिला.

परीक्षेच्या आधी शेवटचा एक सराव ठेवायचा म्हणून अक्षय सरांनी कळशी मागितली. ती आता जनाची झाल्याचं धाऊनं सांगितलं. "मग एक दिवसापुरती मागून आणा ना, मामा." धाऊ जनाकडे गेला. जना हो म्हणाली, पण तिच्या तोंडावरून दिसत होतं, कळशी नजरेआड करायला तिला जड जातंय. एवढ्या दिवसांतच.

"सांजच्याला पानी भरायला पायजेल हां, मामा. आनि पोरांनी पाडली तर?"

"नाय पाडनार," धाऊ म्हणाला. "मी उभा राहतो ना."

आणि तो उभा राहिला. वर्गाच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीवर हात ठेवून. कुणी सरांनी खुर्ची देऊ केली तर नको म्हणाला. पहिला अर्धा तास काही वाटलं नाही. मग पोटऱ्या भरून आल्या, मग कंबर. पोरं मान वर करून कळशीकडे बघत होती, मान खाली घालत होती. पाण्याच्या वाट्यांमध्ये ब्रश बुडत होते. टेबलावर कळशीवर ऊन पडलं होतं आणि ती अशी झळकत होती की धाऊला वाटलं, हिला एवढा वेळ सलग बघणारे या जगात ही पोरं आणि हौसाच. इतकी वर्षं ती इथे उभी राहून कळशीची राखण करत होती असं तो समजत होता. कदाचित तिला नुसतं बघायचंही असेल. आपली रोजची वस्तू कुणीतरी मन लावून काढतंय, ते बघत राहायला तिला आवडत असेल. हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला कुणी नव्हतं.

सराव संपला. अक्षय सरांनी ओले कागद बाकांवर पसरले आणि पेन्सिल घेऊन एकेक बघू लागले. धाऊ पहिल्यांदाच सगळ्यांदेखत, कुणी न बोलावता, उंबरा ओलांडून आत आला.

"छान केलीयत यंदा," सर म्हणाले. "फक्त सगळ्यांच्या कळशीवर हा खाकी डाग आलाय बघा. तुम्ही दारात उभे होतात ना, मामा, तुमचाच आहे. पुसायला सांगू पोरांना?"

"नको. राहू द्या." धाऊनं चष्मा नव्हता म्हणून डोळे कागदाजवळ नेले, पण ओल्या रंगात त्याला काही कळेना. "सर, एकच हाय का?"

"काय?"

"डाग. एकच हाय, का शेजारी आनिक कोन हाय? हिरवं काय?"

अक्षय सरांनी वैष्णवीचा कागद उचलून उजेडात धरला, मग बाकीचेही बघितले, एकेक करून, नीट.

"नाही, मामा," ते म्हणाले. "एकच आहे."

धाऊनं मान हलवली. टेबलावरची वांगी पिशवीत टाकली, मागच्या कापडाची घडी केली. जनाला पाणी भरायचं होतं. त्यानं कळशी उचलली, कमरेवर घेतली आणि चढाच्या वाटेनं जनाच्या घराकडे निघाला.